धाकटीचं आभाळ

१

खामगावच्या त्या हवामान ऑफिसात एकवीस जावा नांदत होत्या. हसू नका, खरंच सांगतो. खाली बियाण्यांचं दुकान, दुकानात बीटी कापसाच्या पाकिटांचे ढीग आणि फवारणीच्या औषधांचा उग्र वास. तो वास जिना चढून वर यायचा आणि वरच्या दोन खोल्यांत दिवसभर मुक्काम ठोकायचा. त्या खोल्यांत बसून सायरा नावाची मुलगी आसपासच्या तालुक्यांचं उद्याचं आभाळ बघायची.

बघायची म्हणजे कसं? आभाळ एकच, पण ते आज नेमकं कसं आहे हे पुरतं कुणालाच कळत नाही. इथं वाऱ्याचं माप जरासं चुकतं, तिथं ओलाव्याचं. म्हणून कॉम्प्युटर तोच हिशोब एकवीसदा करतो, आणि पहिली खेप सोडून दरवेळी सुरुवातीला चिमूटभर फरक करतो. चिमटीतला फरक चारपाच दिवसांत पोतंभर होतो. मग पडद्यावर एक उद्या येत नाही, एकवीस येतात. बहुतेकांचा सूर जुळला तर अंदाज पक्का. एकमेकींच्या झिंज्या धरल्या तर कच्चा.

साहेब होते अनंत सर. बुलडाण्याच्या शिक्षकी घरातला माणूस, त्यामुळं प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची खोड. त्यांनीच या एकवीस हिशोबांना जावा म्हणायचं सुरू केलं. जिच्यात काहीच फरक केलेला नसायचा ती मोठी. ढग दिसला की पाणी पाडणारी ती रडकी. एक कंजूस, एक उतावळी. आणि सगळ्यात शेवटची, एकविसावी, ती धाकटी.

धाकटी कधी कुणासारखं बोलायची नाही. सगळ्या म्हणाल्या ऊन, तर ही म्हणणार ढग. सर चहाचा कप खाली ठेवत म्हणायचे, "धाकटीचं कोण ऐकतं घरात! चला, पुढची."

ऑफिसचा एक नियम होता. वादळाचा किंवा गारपिटीचा इशारा द्यायचा तर किमान पाच जावा तसं बोलायला हव्यात. नियमाला कारणही होतं. गेल्या हिवाळ्यात तिघींच्याच सांगण्यावरून त्यांनी इशारा दिला. वेचणीच्या बायांची रोजी बुडाली, कापूस झाडावर लोंबत राहिला, आणि ढगाचं पिल्लूसुद्धा फिरकलं नाही. महिनाभर शिव्या खाल्ल्या. आधीच बोंडअळीनं पोळलेले लोक, त्यांच्या शिव्या काही खोट्या नव्हत्या.

२

दुपारी सायराचं दुसरं काम असायचं. गावोगावच्या ठरलेल्या शेतकऱ्यांना फोन लावायचा आणि विचारायचं, काल तुमच्याकडं काय झालं? उत्तर ऐकून आपला अंदाज जुळला की नाही ते बघायचं. उंद्रीला इंद्रभान होता, दोन शब्दांत फोन ठेवायचा. पिंपळगाव राजाला वकारभाई, त्यांना हवेपेक्षा कापसाच्या भावात जास्त रस. आणि सोनाळ्याला तानाबाई.

तानाबाईला सायरानं कधी पाहिलं नव्हतं. नुसता आवाज ओळखीचा. चार एकर कापसाच्या पऱ्हाटीची धनीण, वेचणीच्या बायांची म्होरकी, आणि तोंडाळ म्हणाल तर तालुक्यात पहिली. सायराला तिच्याशी बोलायला फार आवडायचं. सायराची स्वतःची आई ती लहान असतानाच गेली होती, आणि अशी हक्कानं रागावणारी बाई तिला दुसरीकडं कुठं भेटत नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. वेचणी ऐन रंगात होती.

"काय मावशी, काल कसं होतं आभाळ?"

"कसं म्हंजे? पानी आलं ना वं! चांगली जोराची सर आली. ओला कापूस घरात पसरला, बसाले जागा नाही राह्यली."

सायरा थांबली. सगळ्या जिल्ह्यात काल कडकडीत ऊन होतं. उपग्रहाच्या चित्रात ढगाचा ठिपका नव्हता. सोनाळ्याजवळचं पर्जन्यमापक यंत्र शून्य सांगत होतं.

"मावशी, कालच ना?"

"काल नाही त काय परवा? म्या काय भांग पेली काय?"

सायरा हसली. म्हातारीचा दिवस चुकला असेल, असं म्हणून तिनं फोन ठेवला. मग सहज, केवळ सवयीनं, तिनं कालच्यासाठी जावा काय बोलल्या होत्या ते उघडून पाहिलं. वीस जणींनी ऊन सांगितलं होतं. धाकटीनं सोनाळ्यावर दुपारची एक सर दाखवली होती.

३

योगायोग. एकवीसजणी बडबडत असतील तर एखादी कधी ना कधी खरी निघणारच, यात नवल ते काय. सायरानं स्वतःला असंच समजावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला.

त्या दिवशी तानाबाईकडं धुई पडली होती, बैल दिसत नव्हते इतकी. पुढं दोन दिवस वारा उगवतीकडून आला आणि पऱ्हाटीची बोंडं झोडून गेला. नंतर एकदा नुसतंच काळं आभाळ. यातलं काहीही सोनाळ्यात झालं नव्हतं. आणि यातलं सगळं धाकटीनं आधी सांगितलं होतं.

सायरा हिशोबी मुलगी होती. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तिला जांभई यायची. तिनं आधी यंत्रावर संशय घेतला, मग उपग्रहावर, मग तानाबाईवर, आणि शेवटी स्वतःवर. आपणच नकळत धाकटीचा अंदाज म्हातारीला सांगतो की काय? म्हणून एक दिवस तिनं ठरवलं, आधी फोन लावायचा, धाकटीचं नंतर बघायचं.

फोन उचलला गेला आणि तानाबाईच्या आधी पाण्याचाच आवाज आला. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा, दणदणीत.

"काही ऐकू येऊन नाही राह्यलं, पोरी! मंग लाव!"

सायरा फोन कानाला तसाच धरून खिडकीत गेली. बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या दुकानासमोर एक माणूस मोटरसायकलवर पोतं बांधत होता आणि घाम पुसत होता. कानात पाऊस कोसळत होता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

मग धाकटीचं उघडून पाहिलं, तर सोनाळ्यावर त्याच दुपारी पाऊस होता. तिनं अनंत सरांना सांगितलं. सरांनी नीट ऐकून घेतलं, ती त्यांची चांगली सवय होती.

"सायरा, तिच्या घराशेजारी एखादं वेल्डिंगचं दुकान असेल. मोटरपंप असेल. आवाजाचं काय घेऊन बसलीस? सोनाळ्याचा दुसरा माणूस बघ आणि तिचं नाव कमी कर."

"तीच खरं बोलत असेल तर, सर?"

"मग सोनाळ्यात दोन आभाळं आहेत म्हणायची," सर हसून म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

सायरानं नाव कमी केलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या बाईशी आता फक्त आपणच बोलतो, असं तिला वाटायला लागलं होतं.

४

बुधवारी सकाळी शुक्रवारचं चित्र आलं तेव्हा तिचा हात माउसवरच राहिला.

वीस जावांनी शुक्रवार कोरा ठेवला होता. निरभ्र, हलका वारा, वेचणीला याहून चांगला दिवस मिळणार नाही असा. आणि धाकटीनं सातपुड्याच्या पायथ्याशी, नेमकं सोनाळ्यावर, भर दुपारी जांभळाकाळा डाग टाकला होता. वादळी ढग, गारा, विजा. एवढा जोर तिनं या पडद्यावर कधी पाहिला नव्हता.

"सर, सोनाळ्यापुरता तरी इशारा देऊ."

"किती जणी बोलतात?"

"एक."

"कोण?"

तिनं पडद्यावरच्या एकविसाव्या चौकटीवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. "बाळ, शुक्रवारी आपण एका धाकटीच्या भरवशावर ऐन वेचणीत बायांना घरी बसवलं, आणि पुढं कधी खरंच वादळ आलं, तर कोण ऐकेल आपलं? लांडगा आला रे किती वेळा करायचं?"

ते चुकीचं बोलत नव्हते. सायरा त्यांच्या जागी असती तर हेच बोलली असती.

दुपारी तिनं फोन लावला तेव्हा तानाबाईनंच विषय काढला. "शुक्रवारी मोठी वेचनी काढली वं. पंधरा बाया सांगितल्या. गेल्या साली अळीनं खाल्लं, औंदा देवानं दिलं त झाडावर काऊन ठेवू? तुह्यं काय म्हननं हाय? जाऊ का वावरात?"

खोलीत पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर सर होते. सायराच्या जिभेवर 'जाऊ नका' आलं होतं. पण मन म्हणालं, अगं, ही बाई सोनाळ्यात राहते, तुझ्याच जगातल्या सोनाळ्यात. तिथं ऊनच असणार. म्हातारीच्या चुकलेल्या दिवसांवर विश्वास ठेवून तू तिचा फुटलेला कापूस नासवणार? शिकलीस ते कशासाठी?

"आभाळ साफ राहील, मावशी," ती म्हणाली.

"तू म्हनतं त जातो मंग," तानाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

ठेवल्याबरोबर सायरानं पुन्हा नंबर लावला. बंद. संध्याकाळी घरून स्वतःच्या मोबाइलवरून लावला. बंद. गुरुवारी दिवसभर बंद. आपण एका माणसाला सरळ मरणाच्या तोंडी पाठवलं, असं ती गुरुवारी दुपारी मनात स्पष्ट म्हणाली, आणि मग तिला काम सुचेना.

५

शुक्रवारी सकाळी तिनं रजा टाकली. अब्बा अंगणात गादी भरत बसले होते. शकूर गादीवाले म्हणून खामगावात सगळे ओळखायचे. कापूस कोरडा आहे की नाही हे ते गालाला लावून बघत, आणि सायरालाही लहानपणापासून तीच सवय होती.

"कुठं निघाली बेटा?"

"सोनाळ्याला, अब्बा. ऑफिसचं काम हाय. संध्याकाळी येतो."

"छत्री घे."

"आभाळ तर बघा!"

अब्बांनी वर पाहिलं आणि तेही हसले. निळंशार होतं. "तरी घे. तुह्याशिवाय कोन हाय मले?" पण तिनं छत्री घेतली नाही.

शेगाव, वरवट करत बस सोनाळ्याला पोहोचली. तानाबाईचं वावर सापडायला वेळ लागला नाही. आणि ते दिसताच सायराच्या छातीवरचं ओझं उतरलं. चार एकर पांढरंशुभ्र फुटलेलं, मागं सातपुड्याची स्वच्छ रांग, आणि कमरेला ओट्या बांधलेल्या पंधरा बाया ऊन खात, गप्पा मारत कापूस वेचत होत्या. मधोमध एक ठेंगणी, काळीसावळी बाई सगळ्यांवर डाफरत होती. आवाज तोच.

"तानामावशी! मी खामगावची, हवामानाच्या ऑफिसातली. रोज फोन करते ना, ती."

तानाबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "मले कोनाचा फोन? माहा मोबाइल पोळ्याच्या आधीच नाल्यात पडला वं. बुडाला तो बुडाला, पुन्हा घेतलाच नाही. सहदेवाले म्हनतो घेऊन दे, त माहा पोरगा आज देतो, उद्या देतो."

सायरानं पिशवीतला आपला मोबाइल चाचपला.

"आता आलीच त उपाशी थोडी जाशीन? चाल, निंबाखाली. नाव-गाव मंग सांग, आंधी भाकर खा."

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडं एक जुना निंब होता. त्याच्या सावलीत बायांनी फडकी सोडली. ठेचा, भाकर, कांदा. एकीनं सायराला चिडवलं, "तुमच्या हवामानात काय निघालं वं बाई? माहा नवरा केव्हा सुधरीन ते सांगते का?" सगळ्या खदाखदा हसल्या. सायराही हसली. किती दिवसांनी हसली. कुणीतरी आपली ओटी सोडून तिच्या कमरेला बांधली आणि म्हणालं, वेचून पाहा दोन बोंडं, मग कळंन.

जेवण झाल्यावर बाया एकएक करून उठल्या. "सावलीत लय गार लागून राह्यलं," असं म्हणत त्या उन्हात, धुऱ्यावर जाऊन बसल्या. दुपारचं ऊन, आणि गार? सायराला जरा विचित्र वाटलं, पण ती तिथंच बुंध्याला टेकून राहिली. हाताशी आलेलं एक बोंड तिनं वेचलं आणि सवयीनं गालाला लावलं.

कापूस ओलाचिंब होता. बर्फासारखा थंड.

तिनं तो चटकन खाली केला. शेजारचं बोंड पाहिलं, कोरडं. त्याच्या पलीकडचं, कोरडं. वर पानांतून निळं आभाळ दिसत होतं. तिच्या गालावरून एक थेंब हनुवटीपर्यंत गेला.

तेवढ्यात मोबाइल वाजला.

६

पडद्यावर नाव होतं, 'तानाबाई सोनाळा'.

सायरानं मान वर केली. तानाबाई समोर होती, वीसेक पावलांवर, उन्हात, पाय पसरून तंबाखू मळत. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

फोन वाजत राहिला. तिला तो उचलायचा नव्हता. पण बुधवारी आपणच 'साफ' म्हणालो होतो, आणि त्या बाईचं काय झालं हे सांगणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

"हॅलो?"

आधी नुसता गोंगाट आला. गारांचा, वाऱ्याचा, बायांच्या रडण्याचा. मग तो आवाज, धापा टाकत.

"पोरी? पोरी, साफ म्हनलं होतं ना वं तू!"

"मावशी, कुठं आहात? झाडाखाली आहात का? निघा तिथून! आधी निंबाखालून निघा!"

"निघालो, बाप्पा, निघालो. साऱ्या निघालो. गार लागत होतं म्हून बाया आंधीच धुऱ्यावर गेल्या होत्या. मंग ईज पडली. निंबावरच पडली."

सायरानं डोळे मिटले. "सगळ्या वाचल्या ना? सांगा ना, मावशी, सगळ्या वाचल्या ना?"

"आमी साऱ्या वाचलो," आवाज म्हणाला आणि रडायला लागला. "ते पोरगी राह्यली वं. आजच आली होती सकायच्या बसनं. खामगावची, तुमच्याच हापिसातली म्हने. बुंध्याले टेकून बसली होती. मी किती हाका मारल्या. उठतच नाही."

सायराची पाठ त्याच बुंध्याला टेकलेली होती.

"तिच्या घरी कोन हाय वं? कोनाले सांगाव? आमी तिले नावबी नाही इचारलं, म्हनलं आंधी भाकर खा." फोनमध्ये मागं गारा पडतच होत्या. "आवाज तुह्यासारखाच होता तिचा. नाव सांगतं का तिचं?"

फोन तुटला.

वावरात शांत होतं. लख्ख ऊन, एकही ढग नाही. वीस जावांनी सांगितलं होतं तसंच. सायराला अब्बांची छत्री आठवली, ती दाराआड खिळ्याला टांगलेली होती.

धुऱ्यावरून तानाबाई उभी राहून तिला हाक मारत होती. "उठ वं पोरी! तिथं काय बसली एकटी? बस चुकन तुही!"

ऐकू येत होतं. अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. "आले," असं म्हणायला सायरानं तोंड उघडलं, पण ते धुऱ्यापर्यंत पोहोचलं नाही.

"अवं उठ ना!" तानाबाईनं पुन्हा हाक मारली, आणि या वेळी तिचा आवाज जरा घाबरलेला होता.

सायरानं जमिनीवर हात टेकला आणि उठायला गेली.